'इतकं छान कुठे शिकलात?'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतंच एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, माणूस कुठेही जन्मो, त्याच्या घराण्याच्या कितीही पिढ्या परमुलखात जावोत, तोंड उघडलं की त्याचं मूळ कळतंच. एखादी भाषा आईच्या मांडीवर शिकलेला माणूसही ती बोलताना आपला वंश लपवू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्र मनापासून लिहिलेलं होतं आणि लिहिणाऱ्याला आपल्या कानाबद्दल पक्की खात्री होती. तीच खात्री एके काळी मलाही होती. मी ३१ वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आहे, लोकांचं बोलणं ऐकणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी छापावं, ही विनंती.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, समजत सगळं होतं पण शब्द फुटत नव्हते. वेळ ठरवताना ते म्हणाले, "उद्या चार वाजता चालेल का?" मराठीत 'च' दोन आहेत. 'चार'मधला जीभ टाळूला लावून येतो, 'चालेल'मधला दातांच्या मागून 'त्स'सारखा निसटतो. लिहिताना अक्षर एकच, शाळेत हा फरक कुणी घोटून घेत नाही, तरी मराठी घरातलं मूल शाळेत जाण्याआधीच दोन्ही 'च' आपापल्या जागी टाकायला लागतं. मोठेपणी मराठी शिकलेल्यांची इथे हमखास गडबड होते. या गृहस्थांचे दोन्ही 'च' जागच्या जागी होते. फोन खाली ठेवेपर्यंत मी मनात त्यांचा चेहरा, रंग, घराणं, सगळं ठरवून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत वडील, आणि खुर्ची ढकलणारा जो माणूस होता त्याचा चेहरा माझ्या मनातल्या चेहऱ्याशी कुठेच जुळत नव्हता. मी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. फोन करणारे मागून येत असतील असं मला वाटलं. "फोन मीच केला होता," ते म्हणाले. आणि मी, इतकी वर्षं या कामात काढलेली बाई, त्यांना विचारती झाले, "अरे वा, मराठी इतकं छान कुठे शिकलात?"

ते वडिलांचा लुळा हात खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "आईकडून."

मला पुढे काही बोलता आलं नाही. त्या घरात चार पिढ्या मराठीच बोलली जात होती, हे वडिलांच्या तपासणीत कळलं. झटक्यानंतर त्यांच्याजवळ जे थोडे शब्द उरले होते, म्हणजे एक ते दहा आकडे, वारांची नावं आणि बायकोला मारायची 'अगं' ही हाक, ते सगळे मराठी होते. अशा आजारात माणसाकडे शेवटी जे उरतं ते बहुधा फार आधी, फार खोल रुजलेलं असतं.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. माझ्या कानाने मला चुकीचं काही सांगितलं नव्हतं. मराठी ही या माणसाची जन्मभाषा आहे, एवढं कानाने सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. वंशाबद्दल कान काहीच बोलला नव्हता. ती भर मी घातली होती, आणि ती कानाच्या नावावर खपवली होती.

पत्रलेखकांच्या म्हणण्यात आवाज आणि उच्चार यांची सरमिसळ झाली आहे. आवाज शरीरातून येतो. स्वरतंतूंची लांबी आणि जाडी, घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीची ठेवण, यावर तो ठरतो. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा थरथरतात, बाईचे दोनशेच्या आसपास. त्यामुळे फोनवर बाई की पुरुष, लहान की म्हातारं, हे आपण बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. पण 'त' म्हणताना जीभ दाताला लावायची की थोडी मागे, प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट वर उचलायचं की खाली टाकायचं, कुठल्या शब्दावर रेंगाळायचं, यातलं काहीही हाडामांसात लिहिलेलं नसतं. ते ऐकून ऐकून अंगी लागतं.

आणि हे ऐकणं किती लवकर सुरू होतं! २००९ साली ६० नवजात बालकांच्या रडण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्मी बाळं फ्रेंच बोलणाऱ्या घरांतली, निम्मी जर्मन बोलणाऱ्या घरांतली, वय अवघं दोन ते पाच दिवस. फ्रेंच घरांतल्या बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढणारा आणि जर्मन घरांतल्यांचा वरून खाली उतरणारा निघाला. जसा त्या त्या भाषेचा हेल, तसंच रडणं. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, जन्मजातच असतं! पण गर्भातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, पण हेल पोचतो. पोटात असताना जो हेल ऐकला, तोच ते बाळ गिरवत होतं.

आपल्या कानाला फार जवळचं वाटेल असं आणखी एक काम १९८४ सालचं आहे, जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांचं. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखत होती. हा फरक मोठ्या इंग्रजी माणसाला ऐकूच येत नाही. पण बाळं दहा-बारा महिन्यांची झाली तोवर बहुतेकांची ती ओळख गेली होती. घरात तो फरक कुणी करत नव्हतं, म्हणून कानाने तो सोडून दिला. आपलं काय आणि परकं काय, हे बाळाचा कान असा वर्षभरात ठरवतो, तेही आजूबाजूच्या माणसांकडे बघून.

माझ्याकडे एक साडेचार वर्षांची मुलगी येत असे. ती सात महिन्यांची असताना या घरात दत्तक आलेली. तिचा 'स' फुसकत होता. जीभ दातांच्या मध्ये येत होती. आईने मला बाजूला घेऊन, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "तिचं मूळ वेगळं आहे ना, तिच्या रक्तातली भाषाच वेगळी, म्हणून होत असेल का हो?" हा प्रश्न त्या बाईंनी किती दिवस मनात धरून ठेवला असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी दोघींना मोठ्या आरशासमोर शेजारी शेजारी बसवलं. मुलीच्या ओठांपुढे टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरली आणि म्हटलं, "म्हण, ससा." पट्टी पसरट हलली, दातांमध्ये जिभेचं गुलाबी टोक दिसलं. मग तीच पट्टी आईपुढे धरली. "तुम्ही म्हणा." त्यांनी म्हटलं, आणि आरशात अगदी तसंच टोक दिसलं, जरा कमी, पण तेच. मोठ्या माणसाच्या बोलण्यात ते खपून गेलं होतं, इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलीने आरशात पाहिलं आणि ओरडली, "आईची पण जीभ बाहेर येते!" वाक्याच्या शेवटी 'येते'चा 'ते' तिने असा लांबवला की मी आईकडे पाहिलं. आईही असाच लांबवायच्या. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उच्चाराचा दोष सापडला म्हणून इतकं समाधान झालेली आई मी दुसरी पाहिलेली नाही.

या एका मुलीवरून मी सिद्धान्त मांडत नाही. २००३ साली क्रिस्तोफ पालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरियात जन्मलेल्या आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रेंच घरांत दत्तक गेलेल्या आठ तरुणांची तपासणी प्रसिद्ध केली. आता त्यांची भाषा फ्रेंच होती. कोरियन वाक्यं ऐकवली तेव्हा ती कोरियन आहेत हे ओळखणं त्यांना जन्माने फ्रेंच असलेल्यांइतकंच अवघड गेलं, आणि मेंदूच्या चित्रणातही कोरियन ऐकताना वेगळी अशी काही खूण मिळाली नाही. पुढे २०१४ साली कॅनडात, चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या मुलींच्या मेंदूत चिनी सुरांची खूण सापडली, हेही सांगायला हवं, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगते असं होईल. पण ती खूणसुद्धा पहिल्या काही महिन्यांत कानांवर पडलेल्या आवाजाची होती. त्या मुलींना चिनी बोलता येत नव्हतं, समजतही नव्हतं.

आता पत्रलेखकांच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलते, कारण ते निराधार लिहीत नाहीत. अमेरिकेत बरेचदा फोनवरचा आवाज ऐकून समोरचा माणूस कृष्णवर्णीय आहे हे लोक बरोबर सांगतात. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीची स्वतःची ढब आहे, स्वतःचं व्याकरणसुद्धा आहे, आणि दूरदूरच्या शहरांतही ती बरीच सारखी आहे. पण का? १९१० ते १९७० या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली आणि तिथे त्यांना वेगळ्या वस्त्यांत राहावं लागलं. इतरांच्या शेजारी घर मिळत नव्हतं, शाळा वेगळ्या पडत होत्या. मग मुलं कुणाबरोबर खेळणार, कुणासारखी बोलणार? दक्षिणेतून आलेली ढब अशी त्या वस्त्यांत टिकली, वाढली. माणसांना वेगळं ठेवलं की बोली वेगळी राहते. मग तीच बोली पुढे करून आपण म्हणतो, बघा, यांचं रक्तच वेगळं.

याच्या उलट चित्र लंडनमध्ये दिसतं. तिथल्या पूर्व भागात गेल्या काही दशकांत तरुणांची एक नवी बोली तयार झाली. भाषातज्ज्ञ तिला बहुसांस्कृतिक लंडन इंग्रजी म्हणतात. कॅरिबियन, आफ्रिकी, बांगलादेशी घरांतली मुलं आणि पिढ्यानपिढ्या लंडनचीच असलेली गोरी मुलं एकाच आवारात वाढली आणि एकसारखं बोलायला लागली. मैत्री जितकी मिश्र, तितकी ही ढब गडद. डोळे मिटून ऐकणाऱ्याने तिथे रंग ओळखून दाखवावा.

या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते जॉन बॉ यांचं काम. ते अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ, स्वतः कृष्णवर्णीय. घर भाड्याने शोधत असताना फोनवर त्यांना "या, बघून जा" असं सांगितलं जाई आणि दारात उभे राहिले की नकार मिळे. फोनवर ते कामकाजाचं प्रमाण इंग्रजी बोलत होते. त्यांनी हे नीट तपासायचं ठरवलं. लहानपणापासून त्यांच्या कानांवर तीन ढबी पडलेल्या होत्या: कृष्णवर्णीयांची, मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची आणि प्रमाण इंग्रजी. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या घरमालकांना त्यांनी तिन्ही ढबींत फोन केले. माणूस एकच, विचारणाही तीच. जिथे बहुसंख्य वस्ती गोऱ्यांची होती तिथे पहिल्या दोन ढबींना घर बघायला या असं सांगणारे खूप कमी निघाले. थॉमस पर्नेल आणि विल्यम इड्सार्डी यांच्याबरोबर त्यांनी हे काम १९९९ साली प्रसिद्ध केलं. त्याच कामात फक्त 'हॅलो' एवढा एक शब्द ऐकवून कुठली ढब ते ओळखायला सांगितलं, तर सत्तर टक्क्यांहून जास्त वेळा उत्तर बरोबर आलं.

'हॅलो'चा हा आकडा पुष्कळदा पत्रलेखकांच्या बाजूने वापरला जातो. एका शब्दात कळलं की नाही? कळलं. पण काय कळलं? तीनही 'हॅलो' एकाच गळ्यातून आलेले होते! ऐकणाऱ्यांनी ढब बरोबर ओळखली, आणि ढबीवरून माणूस ठरवला असता तर एका जॉन बॉ यांचे तीन वेगवेगळ्या वंशांचे तीन पुरुष झाले असते. माझ्या त्या चार वाजताच्या फोनवर माझं हेच झालं होतं, फक्त उलट्या दिशेने.

कानाची आणखी एक खोड आम्हा लोकांना प्रशिक्षणातच दाखवतात. पडद्यावर माणसाचे ओठ 'गा' म्हणत असतात, आवाज 'बा'चा लावलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला चक्क 'दा' ऐकू येतं. मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी हे १९७६ साली दाखवलं. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, युक्ती माहीत आहे, तरी मला अजूनही 'दा'च ऐकू येतं. डोळे कानाच्या पुढे धावतात. चेहऱ्याच्या बाबतीत तेच होतं. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. बोलणारी बाई ओहायोची, जन्मापासून इंग्रजी बोलणारी. काही विद्यार्थ्यांना समोर गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच होता, तरी आशियाई चेहरा समोर असलेल्यांना परकी ढब जास्त जाणवली आणि त्यांना व्याख्यान समजलंही कमी. म्हणजे फोटो बदलला आणि कान बंद झाले. 'यांच्या बोलण्यात अजून तो हेल येतो हं' असं आपण समोर बसलेल्या माणसाबद्दल म्हणतो, तेव्हा तो हेल आपण ऐकलेला असतो की पाहिलेला, हे आपलं आपल्याला सांगता येत नाही.

ही गप्पांतली गंमत असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. १९९९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात पोलिसाची अशी साक्ष ग्राह्य धरली की, छुप्या यंत्रावर ऐकलेला आवाज कृष्णवर्णीय पुरुषाचा वाटत होता. 'वाटत होता' एवढ्यावर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. याच्या बरोबर उलट उदाहरणही आहे. लॉस एंजेलिसमध्ये विमानाचा माल चढवणाऱ्या एका कामगाराला फोनवरून बॉम्बच्या धमक्या दिल्याबद्दल अटक झाली होती. धमकीचा आवाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या माणसाचा वाटतो आणि हा न्यूयॉर्कचा, एवढ्यावरून संशय. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी ध्वनिफिती तपासल्या. न्यूयॉर्ककर जे दोन स्वर वेगळे ठेवतात, ते बोस्टनच्या बाजूला एक होऊन जातात, आणि धमकी देणाऱ्याच्या बोलण्यात ते एक झालेले होते. कामगार निर्दोष सुटला. लबॉव्ह यांनी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही ते पाहावं. बोलणारा कुठल्या भागात वाढला असावा, इतकंच ते बोलले.

आश्रय मागणाऱ्या निर्वासितांची बोली तपासून ते कुठले हे ठरवायची पद्धत युरोपातल्या काही देशांत सुरू झाली, तेव्हा भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००४ साली त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. बोलण्यावरून माणसाची भाषिक जडणघडण कुठे झाली हे सांगता येईल, पण राष्ट्रीयत्व ठरवणं हे भाषाशास्त्रज्ञाचं काम नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

बायबलच्या जुन्या करारातली शिब्बोलेथची गोष्ट अनेकांना माहीत असेल. यार्देन नदीच्या उतारावर गिलादचे लोक पळून जाणाऱ्यांना अडवून 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. एफ्राईमच्या माणसाला 'श' जमत नसे, तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तिथेच मारला जाई. ४२ हजार माणसं अशी मेली, असं लिहिलं आहे. उच्चारावरून वंश ओळखल्याचा दाखला म्हणून ही गोष्ट नेहमी दिली जाते. पण एफ्राईमचे काय आणि गिलादचे काय, दोघेही इस्राएलाचेच, याकोबाची लेकरं! त्यांच्यामध्ये फक्त एक नदी होती.

संपादक महाशय, आपल्याला एक विनंती. धमकीच्या किंवा फसवणुकीच्या फोनच्या बातम्यांत 'बोलण्यावरून अमुक समाजाचा वाटत होता' असं वाक्य कधी कधी येतं. त्याऐवजी ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते द्यावं. भाषा कोणती, शब्द कोणते, बाई की पुरुष, भरभर की अडखळत, एवढं पुरेसं आहे. समाज कुठला हा ऐकणाऱ्याचा तर्क असतो, आणि छापून आला की त्याची माहिती होते.

माझ्या दवाखान्याच्या जुन्या नोंदणी अर्जात 'मातृभाषा' आणि 'समाज' असे दोन रकाने होते. फोनवर वेळ देताना मी दोन्ही स्वतःच भरून टाकत असे, विचारायची गरजच वाटत नसे. त्या गृहस्थांच्या वडिलांच्या अर्जावर दोन्ही माझ्या अक्षरात भरलेले होते. पहिला बरोबर, दुसरा चूक. तो अर्ज मी त्यांच्यासमोर खोडला आणि पुढच्या छपाईत दुसरा रकाना काढून टाकला. आता तिथे दोन प्रश्न आहेत: 'घरात कोण कोण कोणती भाषा बोलतं?' आणि 'लहानपणी दिवसभर कुणाजवळ असायचात?' दोन्हींची उत्तरं मी विचारून लिहिते.

आपली,
एक वाचक, स्पीच थेरपिस्ट